झाडाच्या जखमेवरचा लेप

आमच्या वाड्याच्या मागील अंगणात एक रायवळ आंबा होता. एका वैशाखात वळवाच्या वादळाने त्याची एक मोठी फांदी कडाडून मोडली आणि खोडावर हातभर लांबीची जखम उघडी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी घमेल्यात शेण, चिकणमाती आणि चुलीतली राख कालवली, तो लेप स्वतःच्या हाताने जखमेवर थापला आणि वरून जुन्या धोतराची पट्टी बांधली. आम्ही मुले भोवती उभी राहून पाहत होतो. पुढे पाचसहा वर्षांत जखमेच्या कडा जाड होऊन आत वळल्या आणि जखम जवळजवळ मिटून गेली. आजोबांच्या लेपाने झाड बरे झाले, याविषयी आमच्या घरात कोणालाही शंका नव्हती. मात्र त्यानंतर वीसबावीस वर्षांनी तो आंबा पावसाळ्यात उन्मळून पडला, तेव्हा त्या मिटलेल्या जखमेच्या मागे खोडात चांगली मांजर बसेल एवढी पोकळी निघाली.

लेपाने झाड बरे झाले होते की नव्हते? हा प्रश्न केवळ आमच्या अंगणातला नाही. माणसाने झाडावर उपचार करण्यास आरंभ केला तेव्हापासून तो त्याच्या पाठीशी आहे. आणि झाडांची निगा राखणाऱ्यांचा जो एक धंदा पश्चिमेकडील देशांत गेल्या दीडशे वर्षांत उभा राहिला, त्याचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला आहे. करवत आणि दोर घेऊन दारोदार हिंडणाऱ्या माणसांचा धंदा शास्त्राच्या पायावर उभा कसा राहिला, ते आज आपणांस सांगावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की कोणताही धंदा परवान्याने किंवा गणवेशाने प्रतिष्ठित होत नाही. आपल्या सर्वांत लाडक्या औषधाची परीक्षा घेण्याचे, आणि ते परीक्षेत उतरले नाही तर टाकून देण्याचे धैर्य जेव्हा त्याच्या अंगी येते, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने व्यवसाय होतो.

लेपाची कल्पना फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. रोगट झाडाचा बिघडलेला भाग आधी शस्त्राने काढून टाकावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी घालावे, असा उपचार त्यात सांगितला आहे. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा स्वतंत्र ग्रंथही आपल्याकडे झाला, डॉ. नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह तो १९९६ साली छापून प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ वाचताना दोन मोह होतात. एक म्हणजे, आमच्या पूर्वजांना सारे काही ठाऊक होते असे म्हणून छाती फुगवावी. दुसरा म्हणजे, हे सारे भाबडेपण आहे असे म्हणून हसावे. दोन्ही मोह टाळावेत हे बरे. झाडाला व्याधी होते आणि तिच्यावर उपाय शोधला पाहिजे, हा विचार ज्यांनी केला त्यांची दृष्टी मोठीच होती. परंतु लेप लावलेले आणि न लावलेले अशी दोन झाडे शेजारी शेजारी ठेवून, कोणते अधिक टिकते याची मोजदाद कोणी केल्याचे या ग्रंथांत दिसत नाही. हा दोष एकट्या आपल्या देशाचाही नाही. युरोपातही ती मोजदाद होण्यास विसावे शतक निम्म्याहून अधिक उलटावे लागले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात याच लेपाने एक मोठे प्रकरण उभे केले. विल्यम फोर्सिथ हा मूळचा स्कॉटलंडचा माळी. चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेत काम करून तो १७८४ साली केन्सिंग्टन आणि सेंट जेम्स येथील राजोद्यानांचा प्रमुख झाला. बागेतील जुनी फळझाडे पोखरलेली होती. त्यांची कुजलेली लाकडे खरवडून फोर्सिथने त्यांवर स्वतः तयार केलेला लेप लावला आणि पोकळ झाडे त्या लेपाने पुन्हा भरून येतात असा दावा केला. त्या काळी इंग्लंडचे आरमार ओक वृक्षाच्या लाकडावर तरंगत होते. ओक पोखरला तर जहाज कोठून यावे? तेव्हा पोकळ ओक जर पुन्हा सकस होत असेल, तर तो बागेपुरता प्रश्न राहिला नाही, राष्ट्राच्या संरक्षणाचा झाला. पार्लमेंटने चौकशी केली, नामांकित मंडळींनी झाडे पाहून अनुकूल मत दिले आणि फोर्सिथला १,५०० पौंडांचे पारितोषिक मिळाले. अट एकच होती : त्याने गुपित उघड करावे. १७९१ साली त्याने ते छापले. सारी इंग्लिश प्रजा उत्सुकतेने पाहू लागली, तो काय निघाले? गाईचे ताजे शेण, जुन्या इमारतींच्या पाडकामातील चुन्याचा चुरा, लाकडाची राख आणि थोडी वाळू! आमच्या आजोबांच्या घमेल्यात आणि फोर्सिथच्या भांड्यात फरक तो चुन्याचा आणि वाळूचा.

सर्वांनाच मात्र हे पटले नाही. थॉमस अँड्र्यू नाइट हा वनस्पतींवर प्रत्यक्ष प्रयोग करणारा चिकित्सक बागाइतदार होता. त्याने १८०२ साली एक पुस्तिका लिहून फोर्सिथच्या लेपाविषयी उघड शंका घेतली. वाद कडवट झाला. दोन वर्षांनी, १८०४ साली, लंडनमध्ये बागाइतीच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली. तीच पुढे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या संस्थापकांत फोर्सिथ होता, आणि पुढे सत्तावीस वर्षे तिचे अध्यक्षपद भूषवले ते नाइटने. फोर्सिथ त्याच वर्षी वारला. पिवळ्या फुलांच्या एका सुंदर झुडपाला त्याचे नाव मिळाले आणि ते चिरंजीव झाले.

फोर्सिथ लबाड होता, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांनी त्याला जे दाखवले, ते खरोखरच तसे दिसत होते. जखमेच्या कडांनी नवे लाकूड वाढते, सालीची जाड वळी आत सरकते आणि कधीकधी पोकळीचे तोंड पार मिटते. चूक होती ती कारणाच्या बाबतीत. ही वळी झाड स्वतःच्या जोमाने तयार करते. लेप असो वा नसो. आपल्या संसारातही असेच घडते. सर्दीला काढा द्यावा आणि आठ दिवसांनी सर्दी गेली की श्रेय काढ्याला द्यावे, हा आपला नित्याचा न्याय आहे.

एकोणिसाव्या शतकात शेणाची जागा डांबराने घेतली. फ्रान्समधील देकार नावाच्या एका उमरावाने १८६४ साली झाडांच्या छाटणीवर पुस्तक लिहिले. फांदी खोडाला अगदी लागून, खोडाच्या पातळीत कापावी आणि जखमेवर डांबर फासावे, ही त्याची शिकवण. चार्ल्स स्प्रेग सार्जंट या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८१ साली या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि ही पद्धत समुद्रापलीकडे गेली. गुळगुळीत काप आणि वर काळेभोर डांबर असे काम दिसायला फार नीटनेटके दिसते. गिऱ्हाइकालाही पैसे देताना समाधान वाटते. या नीटनेटकेपणानेच पुढे शंभर वर्षे घात केला, हे आपण पुढे पाहणार आहो.

याच सुमारास जर्मनीत रोबर्ट हार्टिग या शास्त्रज्ञाने एक मूलगामी शोध लावला होता. कुजलेल्या झाडावर आळंबी उगवते हे सर्वांना ठाऊक होते. पण झाड कुजल्यामुळे आळंबी येते, अशी समजूत होती. हार्टिगने १८७० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड तपासून दाखवून दिले, की बाहेरची आळंबी आणि आतील लाकडात पसरलेले बुरशीचे तंतू हे एकाच जीवाचे भाग आहेत आणि ती बुरशीच लाकूड कुजवते. वनस्पतींच्या रोगशास्त्राला यामुळे पाया मिळाला. तथापि प्रयोगशाळेतील हे ज्ञान झाडावर चढणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले नव्हते. प्रयोगशाळेतल्यांना झाडावर चढता येत नव्हते आणि झाडावरच्याला सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हते.

हे अंतर कमी होण्यास अमेरिकेत सुरुवात झाली. त्या देशाच्या ईशान्येकडील गावांतून रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना एल्म वृक्षांच्या रांगा असत. त्यांच्या फांद्या वर जाऊन एकमेकींना मिळत आणि रस्त्यावर देवळाच्या सभामंडपासारखी कमान होई. गावाचा अभिमान त्या झाडांत होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८९९ साली कायदा करून प्रत्येक गावाला एक वृक्षरक्षक नेमणे बंधनकारक केले. सार्वजनिक रस्त्यावरील झाड हे कोणा एकाचे नसून सर्वांचे आहे, आणि त्याला जबाबदार असा एक माणूस हवा, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले.

जॉन डेव्ही हा याच काळातला. १८४६ साली इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात त्याचा जन्म झाला. वयाच्या विशीपर्यंत त्याला लिहितावाचता येत नव्हते. १८७३ साली तो अमेरिकेस गेला आणि पुढे ओहायो राज्यातील केंट या गावी एका स्मशानभूमीची देखभाल करू लागला. ओसाड पडलेली ती जागा त्याने झाडांनी नटवली. १९०१ साली त्याने 'वृक्षवैद्य' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. झाड हा जिवंत प्राणी आहे आणि त्याच्या जखमांकडे वैद्याच्या दृष्टीने पाहिले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. पुढे त्याने कंपनी काढली आणि आपल्या माणसांना शिकवण्यासाठी शाळाही काढली. दंतवैद्य दातातली कीड कोरून खड्डा भरतो, त्याप्रमाणे हे वृक्षवैद्य झाडाची पोकळी कोरून सिमेंटने भरीत. हे काम अत्यंत कौशल्याचे होते आणि महागही होते.

एकदा धंद्यात पैसा दिसू लागला की भोंदूही येतात. शिडी आणि करवत घेतलेला कोणीही स्वतःला वृक्षवैद्य म्हणवू लागला. कनेटिकट राज्याने १९१९ साली झाडांवर काम करणाऱ्यांसाठी परीक्षा आणि परवाना सुरू केला. परीक्षा घेणाऱ्या मंडळापुढे मात्र लौकरच अडचण उभी राहिली : उमेदवारांना प्रश्न तर विचारायचे, पण बरोबर उत्तर कोणते हे कोणी ठरवायचे? १९२४ साली या मंडळाने स्टॅमफर्ड येथे सुमारे चाळीस जणांना एकत्र बोलावले. त्यांत प्रत्यक्ष काम करणारे होते, तसेच संशोधकही होते. झाडावर चढणारा आणि सूक्ष्मदर्शकात पाहणारा एकाच टेबलाशी बसले. दर वर्षी असेच जमावयाचे ठरले आणि १९२८ साली या मेळाव्याला रीतसर संस्थेचे रूप आले. आज जगभर पसरलेली इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही संस्था त्यातूनच वाढली.

ही मंडळी एकत्र आली ती वेळेवरच आली असे म्हणावे लागते. कारण लौकरच एक असे संकट कोसळले, की त्यापुढे करवत, डांबर आणि सिमेंट सारेच हतबल झाले. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात एल्मची झाडे भराभर वाळू लागली. कोणी म्हणे युद्धातल्या विषारी वायूचा परिणाम, कोणी म्हणे अवर्षण, कोणी म्हणे जंतू. हॉलंडमध्ये योहाना वेस्टरडाइक या विदुषीच्या प्रयोगशाळेत या प्रश्नाचा शोध सुरू झाला. वेस्टरडाइक या हॉलंडातील पहिल्या स्त्री प्राध्यापक. त्यांची विद्यार्थिनी बेआ श्वार्झ हिने १९२२ च्या सुमारास दाखवले, की हा रोग एका बुरशीचा आहे. परदेशातील नामवंतांनी तिचे म्हणणे मानले नाही. तेव्हा क्रिस्टीन बाउसमन या दुसऱ्या विद्यार्थिनीने १९२७ साली प्रयोग पुन्हा करून तेच सिद्ध केले. संशोधन हॉलंडमध्ये झाले एवढ्याच कारणाने त्या रोगाला 'डच एल्म रोग' असे नाव पडले. ज्या देशाने रोग ओळखला त्याच्याच माथी रोगाचे नाव लागले, हा इतिहासाचा एक अन्यायच म्हटला पाहिजे. सालीखाली पोखरणारे बारीक भुंगेरे ही बुरशी झाडाझाडांवर नेतात, हेही पुढे स्पष्ट झाले.

१९३० साली अमेरिकेत ओहायो येथे या रोगाची झाडे सापडली. युरोपातून आलेल्या एल्मच्या ओंडक्यांतून तो तेथे पोहोचला होता. त्यानंतरच्या काही दशकांत कोट्यवधी एल्म मेले. गावोगावच्या त्या कमानी गेल्या आणि रस्ते उघडे पडले. ज्या धंद्याने वीसतीस वर्षे झाडाच्या पोकळ्या भरण्यात नाव कमावले, त्याला आपल्या गावातील झाडे डोळ्यांदेखत मरताना पाहावी लागली. हाताचे कौशल्य कितीही मोठे असले तरी कारण ठाऊक नसेल तर ते व्यर्थ आहे, हा धडा धंद्याने तेव्हा घेतला.

आता आपण जखमेच्या लेपाकडे परत येऊ, कारण त्याचा निकाल अजून लागावयाचा होता. तो लावणारा माणूस म्हणजे अलेक्स शायगो. १९३० साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेला हा शास्त्रज्ञ १९५९ साली अमेरिकन वनखात्यात रुजू झाला. याच सुमारास एका माणसाला सहज पेलतील अशा हलक्या यांत्रिक करवती मिळू लागल्या होत्या. तोवर झाडाचे खोड तपासायचे म्हणजे ते आडवे कापायचे आणि कड्या मोजायच्या, अशी रीत होती. शायगोने खोडे उभी चिरण्यास सुरुवात केली. टोकापासून बुडापर्यंत खोड उभे चिरले म्हणजे जखम कोठे झाली, कूज कोठवर गेली आणि कोठे थांबली, हे पुस्तक उघडल्यासारखे समोर दिसते. आपल्या कारकिर्दीत त्याने अशी सुमारे १५,००० झाडे उघडून पाहिली असे सांगतात.

त्याला काय दिसले? कूज वाटेल तशी पसरत नाही. जखम झाली त्या दिवशी झाडाची जेवढी जाडी होती, तेवढ्याच लाकडात बहुधा ती राहते. त्यानंतर वाढलेले लाकूड स्वच्छ असते. जॉर्ज हेप्टिंग या संशोधकाने १९३५ साली वणव्याने होरपळलेल्या झाडांत ही गोष्ट टिपली होती. शायगोने तिचा पूर्ण उलगडा केला. जखम झाली की झाड आपल्या आत चार बाजूंनी बांध घालते. वरखाली जाणाऱ्या नळ्या बुजवून एक, आतल्या गाभ्याच्या दिशेने दुसरा, दोन्ही बगलांना तिसरा. आणि जखमेनंतर जे नवे लाकूड तयार होते त्याच्या सीमेवर चौथा. हा चौथा बांध सर्वांत मजबूत असतो. १९७७ साली हा सिद्धान्त पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

या सिद्धान्ताचे मर्म आपल्या भाषेत सहज सांगता येते. माणसाची जखम 'भरून येते'. जेथे कातडी फाटली तेथेच नवी कातडी येते. झाडाची जखम भरून येत नाही, ती कोंडली जाते. फाटलेले लाकूड फाटलेलेच राहते. झाड त्याला बंदिस्त करते आणि त्याच्या बाहेरून नवे शरीर वाढवते. आमच्या आंब्याने हेच केले होते. बाहेरून मिटलेली साल आणि आतली पोकळी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

एकदा एवढे कळले, की जुन्या उपचारांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. पोकळी स्वच्छ करण्यासाठी तिची भिंत कोरली, की झाडाने कष्टाने घातलेला बांधच आपण फोडतो आणि कुजीला नवे रान मोकळे करून देतो. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो, त्यात झाडाची संरक्षणाची व्यवस्था असते. खोडाला लागून गुळगुळीत काप घेतला की तो कंगोराच जातो आणि फांदीची जखम खोडाची जखम होते. आणि लेप? शायगो आणि त्याचा सहकारी शॉर्टल यांनी सारख्या जखमा करून, काहींवर निरनिराळे लेप लावून आणि काही तशाच सोडून, मग ती झाडे उभी चिरून पाहिली. तेरा वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. लेपांनी कूज थांबत नाही, असा तो निकाल होता. फोर्सिथने पारितोषिक घेतले त्याला तेव्हा १९२ वर्षे होत आली होती.

या निकालाचा अर्थ धंद्यातील माणसांसाठी काय होता, याची कल्पना करा. ज्याने तीस वर्षे प्रत्येक जखमेवर निष्ठेने डांबर फासले, मुलाला तेच शिकवले, गिऱ्हाइकाकडून त्याचेच पैसे घेतले, त्याला कोणीतरी सांगते की ते सारे निरुपयोगी होते, आणि तुझा सुबक काप तर अपायकारकच होता! पुष्कळांनी शायगोवर टीका केली, पुष्कळांनी कानांवर हात ठेवले. तरीही हळूहळू धंद्याने आपले नियम बदलले. ज्याला शंका होती तो करवत घेऊन स्वतः ओंडका उभा चिरून पाहू शकत होता, आणि चिरलेला ओंडका खोटे बोलत नाही. कंगोरा राखून काप घेणे हीच रीत ठरली. सिमेंट भरणे मागे पडले. १९९५ साली अमेरिकेत छाटणीचे राष्ट्रीय मानकच तयार झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट आम्हांस दिसते ती अशी, की या धंद्याने पुढील संशोधनाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. व्यावसायिकांच्या संस्थांनी संशोधनासाठी निधी उभे केले होते. ते २००२ साली एकत्र करून एक स्वतंत्र निधी स्थापन झाला. १९९२ पासून वृक्षव्यावसायिक मंडळी दर वर्षी शेकडो मैल सायकल चालवून त्यासाठी वर्गणी गोळा करू लागली. जो माणूस दिवसभर झाडावर लोंबकळतो, तोच सुटीच्या दिवसांत सायकल हाणून एखाद्या तरुण संशोधकाच्या प्रयोगाचा खर्च उभा करतो. तो प्रयोग कदाचित त्याचीच उद्याची रीत चुकीची ठरवील, हे त्याला ठाऊक असते. प्रमाणित वृक्षतज्ज्ञ होण्यासाठी अनुभव आणि परीक्षा दोन्ही लागतात, आणि दर तीन वर्षांनी नवे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. एकदा मिळालेले ज्ञान कायमचे पुरत नाही, ही कबुलीच त्या नियमात आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. लेप कधीच लावू नये, असाही नवा कर्मठपणा शास्त्राला मान्य नाही. अमेरिकेतील टेक्सस राज्यात ओक वृक्षांचा एक मर रोग आहे. ताज्या जखमेकडे येणारे किडे तो पसरवतात. तेथे जखमेवर तत्काळ रंग लावण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याकडे बागाइतदार बोर्डो पेस्ट लावतात तीही विशिष्ट रोगांच्या बंदोबस्तासाठी. कोणते औषध, कोणत्या कारणासाठी, कोणत्या झाडाला, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. उत्तर हो असेल किंवा नाही असेल; ते पारखून घेतलेले असावे, एवढाच शास्त्राचा आग्रह आहे.

ही सारी कथा परक्या देशाची खरी, परंतु झाडे आपल्याही दारात आहेत. महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. त्याने वृक्ष प्राधिकरण दिले, वृक्ष अधिकारी दिला, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचे बंधन घातले. २०२१ सालच्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या वृक्षांना वारशाचे स्थान मिळाले. कायदा चांगला आहे. परंतु झाड तोडू नये हे कायदा सांगू शकतो. फांदी कोठे कापावी हे तो सांगू शकत नाही. परवानगीचा कागद हातात असलेला, पण कंगोरा म्हणजे काय हे कधीच न शिकवलेला मजूर पावसाळ्याच्या तोंडावर कुऱ्हाडीने फांद्या सोलून काढतो, तेव्हा कायद्याचा भंग होत नाही. वृक्षाचा मात्र होतो. दोष त्या मजुराचा नव्हे. त्याला शिकवण्याची जबाबदारी आपण कोणावरच टाकली नाही, हा दोष आपला आहे. सुतार होण्यासाठी उमेदवारी करावी लागते, नळजोडणीला परवाना लागतो. आणि दोनशे वर्षांच्या वडावर करवत चालवण्यासाठी दोर आणि हिंमत एवढे पुरते, हे आपण निमूट चालू दिले आहे.

आपण नागरिकांनी काय करावे? आपल्या आळीतल्या झाडाजवळ जाऊन ते नीट पाहावे. बुंध्याशी सिमेंट किंवा फरशी आवळून बसवली असेल तर मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. ती जागा मोकळी करावयास सांगावे. पाट्यांसाठी ठोकलेला प्रत्येक खिळा ही एक जखम आहे. फांदी कापणे अटळ असेल तेव्हा कापणाऱ्याला सांगावे, की आधी दूरवर खालून अर्धवट काप घे, मग वरून कापून वजन उतरव, आणि शेवटी उरलेला खुंट फुगीर कंगोऱ्याच्या बाहेरून काप. म्हणजे साल सोलली जाणार नाही. आणि नगरपालिकेला विचारावे, की आमच्या झाडांवर करवत चालवणाऱ्याने हे कोठे शिकले आहे? हा प्रश्न शंभर जणांनी विचारला, तर शिकवण्याची सोय केल्यावाचून गत्यंतर राहणार नाही. मॅसॅच्युसेट्समधील गावांनी आणि कनेटिकटच्या त्या मंडळाने आरंभ केला तो अशाच प्रश्नांनी.

आमचे आजोबा गेले, तो आंबाही गेला. त्यांचा लेप निरुपयोगी होता हे आज आम्हांस ठाऊक आहे. पण त्यांची माया निरुपयोगी होती असे आम्ही कधीच म्हणणार नाही. मोडलेल्या फांदीकडे पाहून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हातून शास्त्र तरी काय उभे राहणार? त्या मायेला परीक्षेची जोड मिळावी, एवढेच आजच्या कथेचे सांगणे आहे. आजोबांना हे चिरलेले ओंडके दाखवता आले असते, तर त्यांनी घमेले बाजूला ठेवले असते आणि दुसऱ्या दिवशी करवतीला नीट धार लावून घेतली असती, असा आमचा विश्वास आहे.